मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम आणि लोकप्रियतेची क्रमवारी : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

क्रमवारी हा आजच्या शैक्षणिक जीवनाचा एक अविभाज्य भाग झाला आहे. विद्यार्थ्याला गुणानुक्रम, महाविद्यालयाला नॅकची श्रेणी, विद्यापीठाला राष्ट्रीय मानांकन अशी ही उतरंड आहे. श्रेणी आणि प्रत्यक्ष अध्यापन या एकच गोष्टी नव्हेत हे प्रत्येक प्राध्यापक जाणतो; तथापि श्रेणीचे परिणाम खरे असतात हेही तो जाणतो. संगणकाच्या क्षेत्रातही अशीच एक क्रमवारी गेली दोन दशके चर्चेत आहे. ती लिनक्स आणि तत्सम मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीमची होय. कोणती प्रणाली पहिली, कोणती दहावी, कोणती घसरली यावर जगभर वाद होतात आणि प्रयोगशाळेसाठी प्रणाली निवडताना अशा यादीचा आधारही घेतला जातो.

या क्रमवारीला महत्त्व आहे काय, आणि असल्यास ते कोणासाठी, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. हा प्रश्न तांत्रिक वाटला तरी मूलतः तो इतिहासाचा आहे. एखादी प्रणाली लोकप्रिय कशी होते, मोजणारा कोण असतो, मोजणीत कोण येतो आणि कोण सुटतो, या गोष्टी घडलेल्या घटनांवरूनच समजतात. त्या दृष्टीने येथे जागतिक पार्श्वभूमी, महाराष्ट्रातील अनुभव आणि अचलपूर परिसराची स्थिती या क्रमाने विवेचन केले आहे.

१. क्रमवारीचा उगम :

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य वापरकर्त्याला असावे, ही त्यामागील भूमिका होती. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. हा गाभा आणि ग्नूची साधने एकत्र बांधून संपूर्ण प्रणाली तयार करण्याचे काम निरनिराळ्या गटांनी हाती घेतले. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन, १९९४ मध्ये रेड हॅट अशी एकेक वितरणे पुढे आली. या वितरणांना व्यवहारात 'डिस्ट्रो' म्हणतात.

येथे एक अडचण आरंभापासूनच होती. विकत मिळणाऱ्या प्रणालीच्या किती प्रती खपल्या हे कंपनीला ठाऊक असते. मुक्तस्रोत प्रणालीची एक सीडी शंभर जणांच्या हातांतून जाऊ शकते आणि तसे करणे पूर्णपणे कायदेशीर असते. त्यामुळे वापरकर्ते किती, याचा हिशेब ठेवणारी वही कोणाकडेच नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९३ मध्येच 'लिनक्स काउंटर' हा स्वेच्छा-नोंदणीचा प्रयत्न सुरू झाला. परंतु नोंद करणारे थोडे आणि न करणारे पुष्कळ, अशी त्याची अवस्था राहिली. पुढे २००१ मध्ये लाडिस्लाव बॉडनार यांनी 'डिस्ट्रोवॉच' हे संकेतस्थळ सुरू केले. विविध वितरणांची तुलनात्मक माहिती देणे हा त्याचा मूळ हेतू होता. प्रत्येक वितरणाच्या माहितीपानाला दररोज किती वाचक भेट देतात, याची यादी तेथे प्रसिद्ध होऊ लागली आणि तीच पुढे लोकप्रियतेची क्रमवारी म्हणून ओळखली जाऊ लागली.

२. मोजणीची पद्धत आणि तिच्या मर्यादा :

या क्रमवारीत प्रणालीच्या वापराची मोजणी होत नाही. मोजणी होते ती त्या प्रणालीविषयीचे पान उघडण्याची. एका इंटरनेट पत्त्यावरून एका दिवसात आलेली भेट एकदाच धरली जाते. हे आकडे वापराचे किंवा गुणवत्तेचे मोजमाप नाहीत, असे संबंधित संकेतस्थळ स्वतःच सांगते. तरीही वाचक ते तसे समजतात.

या पद्धतीचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चाळीस संगणक आहेत, त्या सर्वांवर डेबियन आहे आणि सर्वांना मिळून एकच इंटरनेट जोडणी आहे, असे समजू. चाळिसांपैकी सर्व विद्यार्थ्यांनी ते माहितीपान एकाच दिवशी उघडले तरी नोंद एकाच भेटीची होईल. पान कोणी उघडलेच नाही, तर वर्षभर चालणाऱ्या या चाळीस संगणकांची नोंद शून्य राहील. याउलट ज्याच्याकडे घरी वेगवान जोडणी आहे आणि जो दर आठवड्याला नवी प्रणाली चाळून पाहतो, त्याची नोंद दररोज होऊ शकेल. म्हणजेच जो स्थिरपणे काम करतो तो मोजणीबाहेर राहतो आणि जो कुतूहलाने फिरतो तो मोजणीत येतो.

यावरून ही क्रमवारी कुतूहलाची आहे, उपयोगाची नव्हे, असे म्हणता येईल. त्यातही हे कुतूहल ज्यांच्यापर्यंत इंटरनेट पोहोचले आहे आणि ज्यांना इंग्रजी वाचता येते, अशा वर्गाचे प्रामुख्याने आहे.

३. पहिला क्रमांक आणि त्यापुढील इतिहास :

क्रमवारीत प्रथम आलेल्या प्रणालींचा इतिहास पाहिल्यास हा मुद्दा अधिक दृढ होतो. या यादीच्या पहिल्या वर्षांत, म्हणजे २००२ ते २००४ या काळात, मँड्रेक ही फ्रान्समधील प्रणाली अग्रस्थानी होती. नवशिक्याला सोपी म्हणून तिची ख्याती होती. परंतु याच काळात, जानेवारी २००३ मध्ये, तिच्या कंपनीला दिवाळखोरीपासून संरक्षण मिळावे म्हणून न्यायालयाकडे जावे लागले. पुढे २००५ मध्ये ब्राझीलच्या कनेक्टिवा कंपनीशी तिचे एकत्रीकरण होऊन मँड्रिवा हे नाव आले आणि २००५ नंतर दहा वर्षांनी, २०१५ मध्ये, ती कंपनी कायमची बंद झाली. पहिला क्रमांक कंपनीला तारू शकला नाही. मात्र तिचे सॉफ्टवेअर मुक्त असल्याने ते नष्ट झाले नाही. २०१० मध्येच तिच्यातून बाहेर पडलेल्या कार्यकर्त्यांनी 'मजेया' हा नवा प्रकल्प उभारला होता. प्रणाली टिकली ती परवान्यामुळे आणि माणसांमुळे. क्रमांकाचा त्यात वाटा नव्हता.

दुसरे उदाहरण उबुंटूचे आहे. तिची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली आणि २००५ मध्ये ती यादीत पहिली झाली. या यशामागे तिची सुलभता होतीच, पण त्याबरोबर एक योजनाही होती. मागणी करणाऱ्या कोणालाही जगात कोठेही टपालाने विनामूल्य सीडी पाठवण्याची ही योजना एप्रिल २०११ पर्यंत चालली. ज्या गावात सातशे मेगाबाइटची फाइल उतरवून घेणे म्हणजे रात्री जागवणे होते, तेथे पोस्टमनने आणून दिलेली सीडी हाच प्रणाली मिळवण्याचा व्यवहार्य मार्ग होता. भारतात तत्पूर्वी हेच काम 'पीसी क्वेस्ट'सारख्या मासिकांनी आपल्या अंकासोबत लिनक्सची सीडी देऊन केले होते. येथे आधी पुरवठा झाला आणि लोकप्रियता मागाहून आली, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

तिसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. बँका, शेअर बाजार आणि मोठे उद्योग ज्यावर चालतात ती रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स या यादीत अग्रस्थानी कधीच नव्हती. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पाचशे सर्वाधिक वेगवान महासंगणकांच्या यादीतील सर्वच्या सर्व संगणक लिनक्सवर चालत आले आहेत. अँड्रॉइड भ्रमणध्वनीचा गाभाही लिनक्सच आहे. खेड्यातील शेतकरी बाजारभाव पाहण्यासाठी जो फोन हातात घेतो, त्यात लिनक्स असते. परंतु लोकप्रियतेच्या यादीत त्या शेतकऱ्याला स्थान नाही.

४. क्रमवारीचे प्रत्यक्ष परिणाम :

यावरून क्रमवारी निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मोजणी सदोष असली तरी तिच्यावर आधारलेले निर्णय खरे असतात. याचे बोलके उदाहरण डेबियनचे आहे. डेबियनमध्ये 'पॉपकॉन' नावाची एक व्यवस्था आहे. वापरकर्त्याने संमती दिल्यास त्याच्या संगणकावर कोणकोणते सॉफ्टवेअर वापरात आहे याची यादी ठरावीक काळाने मध्यवर्ती ठिकाणी पाठवली जाते. या माहितीचा एक उपयोग असा की, अधिक वापरले जाणारे सॉफ्टवेअर पहिल्या सीडीवर ठेवायचे आणि कमी वापरले जाणारे मागच्या सीडींवर ढकलायचे.

वरकरणी ही व्यवस्था न्याय्य आहे. तथापि माहिती पाठवण्यासाठी संगणक इंटरनेटला जोडलेला असावा लागतो. ज्यांच्याकडे जोडणी होती त्यांचीच आवड मोजली गेली, आणि ज्यांच्याकडे जोडणी नव्हती त्यांना पहिल्या सीडीवर काय मिळेल हे त्या मोजणीवरून ठरले. सीडीची खरी गरज होती ती मात्र या दुसऱ्या वर्गाला. ज्याची गरज अधिक त्याचा आवाज कमी, ही विसंगती येथे स्पष्ट दिसते.

भाषांतराच्या क्षेत्रातही असेच एक मापदंड आहे. ग्नोम या प्रकल्पात एखाद्या भाषेतील अनुवाद ८० टक्क्यांवर गेल्यास ती भाषा 'समर्थित' मानली जाते. हा आकडा मात्र वेगळ्या प्रकारचा आहे. किती जण वापरतात हे तो विचारत नाही. किती काम पूर्ण झाले हे विचारतो. लहान भाषेचे चार जिद्दी कार्यकर्तेही तो गाठू शकतात. कोणत्या गोष्टीची मोजणी करावी, यावर कोणाला संधी मिळेल हे अवलंबून असते, असे या दोन उदाहरणांच्या तुलनेतून दिसून येते.

५. महाराष्ट्रातील मराठीकरणाचा प्रयत्न :

मुक्तस्रोत प्रणालीत भारतीय भाषा आणण्याच्या कार्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने 'इंडिक्स' या प्रकल्पाद्वारे लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या उमटवण्याचे काम केले. ही संस्था २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली. २००० मध्ये मुंबईतच प्रकाश अडवाणी आणि वेंकटेश हरिहरन यांनी 'इंडलिनक्स' हा स्वयंसेवी प्रकल्प सुरू केला. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत २००३ पासून 'ग्नुनिफाय' हे मुक्त सॉफ्टवेअरचे संमेलन भरू लागले.

अक्षररूपांचा प्रश्न यांहून अवघड होता. मराठी देवनागरीची काही वैशिष्ट्ये हिंदीहून भिन्न आहेत. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' निराळे असतात. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. 'आचार्यास' दिलेले दान आणि 'आचाऱ्यास' दिलेली मजुरी या भिन्न गोष्टी होत. हा अर्ध्या 'ऱ'चा भेद संगणकाला दाखवता आला नाही तर मराठी लेखनच अशुद्ध होते. २००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित' ही भारतीय लिप्यांची अक्षरमाला मुक्त परवान्याखाली उपलब्ध केली. ती मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने तयार केली होती. परवाना मुक्त असल्यामुळे तिच्यात पुढे सुधारणा करता आल्या आणि अनेक वितरणांनी ती स्वीकारली.

अर्ध्या 'ऱ'ची मागणी जगाच्या लोकप्रियतेच्या यादीत कोठेही बसणारी नव्हती. ती पूर्ण झाली, कारण ज्यांना तिची निकड होती त्यांना सॉफ्टवेअरमध्ये हात घालण्याचा अधिकार होता. मालकीच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सुधारणा बाजारपेठेचा आकार पाहून होते. मुक्तस्रोताचे खरे बळ या अधिकारात आहे, वापरकर्त्यांच्या संख्येत नाही.

६. धोरण, अभ्यासक्रम आणि लोकप्रियता :

एखादी प्रणाली समाजात रुजते ती बहुधा संस्थांच्या निर्णयामुळे. महाराष्ट्रात २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांत पोहोचला. शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता म्हणून त्याला मान्यता मिळाल्याने लाखो तरुणांनी तो पूर्ण केला. संगणक साक्षरतेच्या दृष्टीने हे कार्य मोलाचे आहे यात शंका नाही. परंतु या अभ्यासक्रमाची बांधणी विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांवर झाली. परिणामतः ग्रामीण महाराष्ट्रातील एका पिढीच्या मनात संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण पक्के झाले. ही निवड कोणी प्रणालींची तुलना करून केली नव्हती. ती प्रमाणपत्रातून आपोआप झाली.

केरळचा अनुभव याच्या उलट आहे. तेथे २००१ मध्ये सुरू झालेल्या 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पाने त्या दशकातच शालेय संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले. प्रथम डेबियन आणि नंतर उबुंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ती तयार केली, शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि दहावीच्या परीक्षेशी विषयाची सांगड घातली. त्या आवृत्तीला जागतिक क्रमवारीत ठळक स्थान कधीच नव्हते. तरीही लाखो विद्यार्थी तिच्यावर शिकले.

सी-डॅकने २००७ मध्ये आणलेल्या 'बॉस' या भारतीय प्रणालीचा अनुभव या दोहोंच्या मधला आहे. भारतीय भाषांची सोय हे तिचे वैशिष्ट्य. परंतु ती जागतिक यादीच्या वरच्या पंक्तीत कधी दिसली नाही. २०१५ मध्ये केंद्र शासनाने शासकीय वापरासाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. मात्र धोरणासोबत केरळसारखे सर्वदूर प्रशिक्षण आणि परीक्षेचा आधार लाभला नाही, तेथे प्रणाली संगणकावर आली तरी हाताला आली नाही. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्स, लिब्रेऑफिस आदी विषयांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य उपलब्ध करून ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. क्रमवारीपेक्षा शिकवणारा जवळ असणे महत्त्वाचे, हे या तीनही उदाहरणांतून सिद्ध होते.

७. अचलपूर परिसराच्या दृष्टीने विचार :

क्रमांक आणि प्रत्यक्ष महत्त्व यांतील अंतर अचलपूरला नवे नाही. इमादशाहीच्या काळात वऱ्हाडची राजधानी असलेले हे नगर ब्रिटिश अमदानीत एलिचपूर जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. १९०५ मध्ये हा जिल्हा अमरावतीत विलीन झाला. शहराच्या पेठा, विणकर, कापसाचा व्यापार त्या दिवशी बदलला नाही. परंतु कचेऱ्या गेल्या आणि कचेऱ्यांमागून जाणाऱ्या सोयीही गेल्या. मुख्य लोहमार्ग मूर्तिजापूर-बडनेरा मार्गे गेला आणि अचलपूरच्या वाट्याला मूर्तिजापूरहून येणारी अरुंद रुळांची गाडी आली. प्रशासकीय दर्जा हा गावाच्या गुणाचे माप नसतो, पण गावाला काय मिळेल हे त्यावरून ठरते. संगणक प्रणालींच्या क्रमवारीचेही असेच आहे.

आज या परिसरातील महाविद्यालयांपुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित समर्थन संपले. त्यापुढील आवृत्तीला लागणारी यंत्रसामग्री जुन्या संगणकांत बहुधा नसते. असाच प्रसंग एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीच्या वेळी आला होता. अशा वेळी चालते संगणक भंगारात काढायचे, असुरक्षित स्थितीत वापरायचे, की त्यांवर हलकी मुक्तस्रोत प्रणाली बसवायची, असे तीन मार्ग उरतात. तिसरा मार्ग निवडताना जागतिक यादीतील पहिले नाव उचलणे सोपे असते. परंतु २०११ पासून काही वर्षे लिनक्स मिंट, २०१९ पासून काही वर्षे एमएक्स लिनक्स असे हे नाव बदलत आले आहे. त्याच्या मागे धावणाऱ्या प्रयोगशाळेला दर तीन वर्षांनी नव्याने सुरुवात करावी लागेल.

दुसरा प्रश्न भाषेचा आहे. अचलपूरच्या उत्तरेस मेळघाट आहे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत कोरकू भाषा बोलली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात कोरकू भाषकांची संख्या सात लाखांहून अधिक आहे. ही मुंडा कुळातील भाषा असून देवनागरीत लिहिता येते. बाजारपेठेच्या हिशेबाने कोरकूतील संगणक प्रणालीला मागणी नाही, आणि लोकप्रियतेच्या कोणत्याही यादीत तिला स्थान मिळणार नाही. तथापि मुक्तस्रोत प्रणालीत असे काम करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. मराठीच्या अर्ध्या 'ऱ'ने जो मार्ग दाखवला तो कोरकूलाही खुला आहे. भाषा विभाग, संगणक विभाग आणि मेळघाटातून येणारे विद्यार्थी यांनी एकत्र येऊन काही शे शब्दांपासून प्रारंभ केला तरी ते बहुविद्याशाखीय संशोधनाचे खरे उदाहरण ठरेल.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) मुक्तस्रोत प्रणालींची प्रचलित क्रमवारी वापर किंवा गुणवत्ता मोजत नाही. ती जोडणी असलेल्या वाचकांचे कुतूहल मोजते.

२) क्रमवारी प्रणालीच्या टिकाऊपणाची हमी देत नाही. मँड्रेकचा इतिहास हे त्याचे प्रमाण होय.

३) सदोष असूनही मोजणीचे परिणाम खरे असतात. जे मोजले जात नाहीत त्यांच्या गरजा मागे पडतात. म्हणून क्रमवारीकडे केवळ दुर्लक्ष करून भागत नाही. ती काय मोजते हे तपासावे लागते.

४) प्रणालीचा प्रसार पुरवठा, अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रशिक्षण यांमुळे होतो. लोकप्रियता हे बहुधा त्याचे कारण नसून फलित असते.

५) महाविद्यालयाने प्रणाली निवडताना चार प्रश्न विचारावेत. ती उपलब्ध संगणकांवर चालते काय, तिच्यात मराठी शुद्ध लिहिता येते काय, सुरक्षेची अद्यतने किती वर्षे मिळतील, आणि अडचण आल्यास सोडवणारा माणूस परिसरात आहे काय. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर क्रमवारीत सापडत नाही.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर तसा माणूस घडवणे हे महाविद्यालयाचेच काम होय. केरळने ते शिक्षकांपासून सुरू केले. वऱ्हाडातही त्याचा प्रारंभ एखाद्या प्रयोगशाळेतील जुन्या संगणकापासून करता येण्यासारखा आहे.